पिक्चर कोणता ते नंतर बघू, आधी बरोबर कोण ते सांगा!

हॉस्टेलवर शनिवारी रात्रीचा कार्यक्रम ठरलेला असतो. मेस बंद, बाहेर जाऊन वडापाव हाणून झालेला, एका खोलीत सात-आठ टाळकी, एक लॅपटॉप आणि एकच प्रश्न. कोणता पिक्चर लावायचा? या प्रश्नावर जेवढी चर्चा होते तेवढी आम्ही फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या टॉपिकवर केली असती तर एव्हाना दोन-चार पेटंट आपल्या कॉलेजच्या नावावर असती. एकाला मारधाड पाहिजे, एकाला कोरियन पाहिजे, एकजण "काहीही लावा रे" म्हणतो आणि मग जे लावू त्याला नाक मुरडतो. पावणेदोन वाजता काहीतरी सुरू होतं आणि सव्वादोनला निम्मी पोरं घोरत असतात.

चार वर्षं हा प्रकार जवळून पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की लोचा प्रश्नातच आहे. कोणता पिक्चर, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, बरोबर कोण? खोलीत कोण बसलंय ते आधी बघायचं आणि मग फोल्डर उघडायचं.

इलेक्ट्रिकल आणि ईएनटीसीच्या मंडळींना हे लगेच पटेल. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनीच मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम घोकलेला आहे. सोर्सचा रेझिस्टन्स आणि लोडचा रेझिस्टन्स सारखा असेल तेव्हा लोडला जास्तीत जास्त पॉवर मिळते. सोर्स म्हणजे पिक्चर, लोड म्हणजे आपण आणि आपल्या शेजारी बसलेली माणसं. मॅच झालं तर भट्टी जमते, नाही तर साऱ्या खोलीचा हीटर होतो. (मॅच झाल्यावरसुद्धा एफिशियन्सी पन्नास टक्केच असते हे हुशार पोरं सांगतीलच. उरलेले पन्नास टक्के पॉपकॉर्नच्या बिलात जातात असं समजा.)

आता उदाहरणं घेऊ, म्हणजे फंडा क्लिअर होईल.

सगळ्यात सोपी केस विनोदी पिक्चरची. विनोदी पिक्चर एकट्याने बघू नये. 'अशी ही बनवाबनवी' मी एकदा तापाने फणफणलेलो असताना खोलीत एकटा बघितला. सगळे डायलॉग पाठ होते, सगळे सीन तेच होते, पण मी एकदाही मोठ्याने हसलो नाही. फार तर नाकातून हवा सोडली असेल. तोच पिक्चर पुढच्या आठवड्यात दहा जणांत लावला तर सत्तर रुपयांच्या सीनला एकजण कॉटवरून खाली पडला. असं का होतं, तर हसणं हा मुळात सांघिक प्रकार आहे. रॉबर्ट प्रोव्हाईन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हसण्यावर बरंच काम केलं. त्याला असं आढळलं की माणूस एकटा असताना जितकं हसतो त्याच्या सुमारे तीस पट चारचौघांत हसतो. टीव्हीवरच्या जुन्या मालिकांमध्ये मागून खोटं हसू का वाजवायचे, ते यावरून कळतं. घरात एकटा बसलेल्या माणसाला वाटावं की शेजारी कुणीतरी आहे!

'बनवाबनवी'चं तर आणखी एक आहे. १९८८ चा हा पिक्चर हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वर बेतलेला आहे, पण आपल्याकडे मूळ पिक्चर फारसा कुणाला आठवत नाही. सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे या चौघांनी तो असा काही आपलासा केला की बस्स. आणि विषय काय, तर पुण्यात राहायला जागा न मिळणारी चार पोरं! कॉट बेसिसवर राहणाऱ्या, डिपॉझिटसाठी घरमालकाशी हुज्जत घालणाऱ्या पोरांना यातलं दुःख समजावून सांगावं लागत नाही. म्हणून हा पिक्चर रूमपार्टनर मंडळींबरोबरच बघावा. ज्याने आयुष्यात कधी भाड्याची खोली शोधली नाही त्याला तो नुसता विनोदी वाटतो.

'अंदाज अपना अपना'ची कथा याहून मजेदार. १९९४ साली थिएटरात तो पडला. आमिर, सलमान, दोघं असूनही पडला. मग हळूहळू टीव्हीवर, कॅसेटवर, सीडीवर लोकांनी तो पुन्हा पुन्हा बघितला आणि आज तो पाठ नसलेला इंजिनीअर शोधून सापडायचा नाही. माझ्या मते पिक्चर तोच होता, फक्त १९९४ च्या थिएटरात त्याला कंपनी चुकीची मिळाली होती. ज्यांना प्रत्येक वाक्याआधी ते वाक्य म्हणायची खोड आहे अशा माणसांची त्याला गरज होती आणि ती हॉस्टेलांत भेटली. एरवी आधी डायलॉग म्हणणारा माणूस हा अत्यंत पकाऊ प्राणी, पण या एका पिक्चरला तो नसेल तर चुकल्यासारखं होतं.

आता भीतीदायक. भुताच्या पिक्चरचा नियम सरळ आहे. आपल्यापेक्षा जास्त घाबरणारा एक माणूस सोबत पाहिजे. त्याला धीर देण्यात आपली भीती जाते. दोघंही शूर असतील तर पैसे वाया, दोघंही भित्रे असतील तर रात्र वाया. मात्र 'तुंबाड' या नियमात बसत नाही. २०१८ साली आला तेव्हा फार चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. आम्ही पंधरा जण तेव्हा गेलो होतो. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं, वाडा सासवडचा, पाऊस आपल्या कोकणातला. पण भीती भुताची वाटतच नाही. भीती वाटते ती माणसाच्या हावरेपणाची. बाप पोराला तेच शिकवतो आणि पोरगा बापापेक्षा तयार निघतो, हे बघताना पोटात खड्डा पडतो. त्यामुळे 'तुंबाड' अशा मित्राबरोबर बघा ज्याच्याशी तुमचा पैशांचा व्यवहार चोख आहे. उसने पाचशे परत न देणाऱ्याच्या शेजारी बसून बघितलात तर तुमचं सगळं लक्ष त्याच्याकडेच जाईल.

आणखी एक जमात आहे जिच्याबरोबर ठरावीक पिक्चर अजिबात बघू नयेत. कॅल्क्युलेटरवाले. 'इंटरस्टेलर' २०१४ चा. त्यात एका ग्रहावर एक तास घालवला की पृथ्वीवर सात वर्षं जातात. कारण ग्रह एका महाकाय कृष्णविवराच्या अगदी जवळ असतो आणि तिथल्या प्रचंड गुरुत्वाकर्षणाने काळ मंदावतो. हे विज्ञान पोकळ नाही. पिक्चरला सल्ला देणारे किप थॉर्न यांना पुढे २०१७ साली गुरुत्वीय लहरींवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. आता एवढं समजल्यावर माणसाने गप्प बसून बघावं की नाही? आमचा एक मेकॅनिकलचा मित्र तिथेच मोबाईल काढून बसला. सात वर्षं भागिले साठ मिनिटं, म्हणजे तिथलं एक मिनिट म्हणजे इथले जवळपास ४३ दिवस. "म्हणजे चार मिनिटांत एक सेमिस्टर गेलं रे!" असं तो ओरडला तेव्हा पडद्यावर नायक आपल्या मुलांचे तेवीस वर्षांचे निरोप एकापाठोपाठ एक बघून रडत होता. सगळं थिएटर नाक पुसत होतं आणि आमची ओळ खिदळत होती. गणित बरोबर होतं हो, पण वेळ?

खरं तर तो सीन बघताना बरोबर कुणी असावं तर वडील असावेत. मी तो पिक्चर नंतर घरी पप्पांबरोबर लावला, हिंदीतून. कृष्णविवर वगैरे त्यांना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. तो निरोपांचा सीन झाल्यावर मात्र म्हणाले, "फोन करत जा दोन-तीन दिवसांनी." बस्स. हा असा अभिप्राय मला कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळालेला नाही.

पप्पांचा विषय निघालाच आहे तर 'शोले'बद्दल सांगतो. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, मुंबईच्या मिनर्व्हाला पाच वर्षांहून जास्त चालला, हे सगळ्यांना माहीत असतं. पप्पांनी तो बघितला आमच्या भागातल्या यात्रेत, तंबू टॉकीजमध्ये. मातीत बसून. पडदा मधोमध ताणलेला आणि लोक दोन्ही बाजूंना. मागच्या बाजूला बसणाऱ्यांना सगळं उलटं दिसायचं, पाटीवरची अक्षरंसुद्धा. पप्पा मागच्या बाजूला. त्यामुळे अमिताभ बच्चन उजव्या हाताचा आहे अशी त्यांची पक्की समजूत झाली होती आणि पुढच्या बाजूला बसलेल्या मित्राशी त्यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर! मिरर इमेज शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही. कोण कुठल्या बाजूला बसलंय त्यावर पिक्चर बदलतो, हे इथे शब्दशः खरं झालं.

'शोले' म्हणूनच घरातल्या मोठ्या माणसाबरोबर बघावा आणि मधे मधे पॉज करू द्यावा. त्यांचा पिक्चर पडद्यावर कमी आणि आठवणीत जास्त चालू असतो. आम्ही बघत होतो तेव्हा मी त्यांना सांगितलं की मूळ शेवट वेगळा होता, ठाकूर गब्बरला स्वतःच मारतो. आणीबाणीचा काळ, सेन्सॉरने हरकत घेतली, म्हणून पोलीस येतात तो शेवट नव्याने चित्रित करावा लागला. मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. पप्पा शांतपणे म्हणाले, "आम्ही यात्रेतनं परत येताना तोच शेवट केला होता." म्हणजे पोरांनी वाटेतच गब्बरला मारून टाकलं होतं. सेन्सॉर गेलं उडत.

आता नाजूक विषय. 'तिच्या'बरोबर कोणता पिक्चर बघावा? या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे असं मी म्हणणार नाही, कारण हे मासिक घरी जातं. निरीक्षणावरून सांगतो. पहिल्यांदा बरोबर जाताना पिक्चर कोणताही चालतो, कारण दोघांपैकी कुणीही तो बघत नाही. पॉपकॉर्नचा डबा कुणी धरायचा यावरच इंटरव्हलपर्यंतचा वेळ जातो. दुसऱ्यांदा जाताना मात्र विचार करा. पिक्चर संपल्यावर बोलायला काहीतरी उरेल असा निवडा. एक जोडी माझ्या पाहण्यात आहे, जिचं 'थ्री इडियट्स'वरून फाटलं. त्याचं म्हणणं रँचो बरोबर, तिचं म्हणणं रँचोला रँचोगिरी परवडत होती म्हणून बरोबर, राजूला विचारा. मला विचाराल तर तिचा मुद्दा भारी होता. आपण सगळे टी-शर्टवर रँचो मिरवतो आणि निम्म्याहून जास्त पोरं घरून राजू असतात.

'थ्री इडियट्स' हा इंजिनीअरिंगच्या पोरांनी एकमेकांबरोबर बघण्यात काही अर्थ नाही. आपल्याला तो आधीच माहीत असतो. २००९ चा पिक्चर, नागपूरच्या राजकुमार हिराणींचा, त्यात दिसणारं इंजिनीअरिंग कॉलेज म्हणजे प्रत्यक्षात बंगलोरचं आयआयएम. हा बघावा आई-वडिलांबरोबर, आणि शक्यतो रिझल्ट लागायच्या आधी. त्यात एक पोरगा गळफास घेतो तो सीन आहे. आमच्या घरी तो लागला आणि खोलीत एकदम शांतता. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. पप्पांनी टीव्हीकडे बघतच विचारलं, "तुमच्याकडं असतं असं?" मी म्हटलं, "असतं की टेन्शन." मग जाहिराती लागल्या. जाहिराती संपता संपता म्हणाले, "एखादा विषय राहिला तर राहू दे. सांगायचं फक्त." आमच्याकडे एवढं लांबलचक बोलणं सहसा होत नाही. ते दोघांना समोरासमोर बसून जमलंही नसतं. दोघंही टीव्हीकडे बघत होतो म्हणून जमलं. तुम्हीही करून बघा.

'दिल चाहता है' २००१ चा. प्रत्येक ग्रुप तो बघून गोव्याचा प्लॅन करतो आणि प्रत्येक ग्रुपचा गोवा कॅन्सल होतो, हा तर निसर्गनियम. हा पिक्चर फर्स्ट इयरला बघावा. फायनल इयरला त्याच मित्रांबरोबर बघितला की दुसऱ्या भागात सगळे गप्प होतात, जेव्हा तिघं तीन दिशांना गेलेले असतात. प्लेसमेंटच्या काळात तर नकोच. एक बेंगळुरूला, एक चेन्नईला, एकाचं अजून काही नाही.

तसंच 'स्वदेस'चं. २००४ चा हा पिक्चर तेव्हा फार चालला नाही, पण हॉस्टेलवर त्याचे भक्त दरवर्षी नव्याने तयार होतात. नासात काम करणारा मोहन भार्गव गावात येतो आणि गावात वीज आणतो. ते गाव म्हणजे बऱ्याच अंशी आपल्या वाईजवळचं मेणवली. स्टेशनवर चार आण्याला पाणी विकणारं पोरगं येतं तो सीन तर कुणालाच सुटत नाही. पण ज्याचा एम.एस.चा व्हिसा कालच झालाय त्याच्याबरोबर हा पिक्चर बघणं म्हणजे क्रूरपणा. बिचारा लोन काढून चाललाय, त्याच्या बापाने शेत गहाण ठेवलंय, आणि तुम्ही त्याला पडद्यावर परत येणारा माणूस दाखवताय! त्याला जाऊ दे. दोन वर्षांनी तो तिकडे एकटा बसून स्वतःच लावेल. सिनिअर्स सांगतात की सगळे लावतात.

इथपर्यंत चेष्टा चालली. पण एका पिक्चरबद्दल चेष्टेने लिहिता येत नाही.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला तेव्हा मी सहावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. तालुक्याच्या टॉकीजला आमचं सगळं खटलं गेलं, काका, काकू, आत्या, आतेबहीण, आम्ही. 'झिंगाट'ला लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले. काकासुद्धा नाचले. आणि मग तो शेवट. आवाज बंद होतो. ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. दिवे लागले तरी कुणी उठेना. अजय-अतुलच्या गाण्यांनी एवढा दंगा केल्यावर नागराज मंजुळेंनी तिथे एक सूरही ठेवला नाही, ही त्या माणसाची ताकद. मराठीत शंभर कोटींच्या वर जाणारा हा पहिला पिक्चर, सगळ्या महाराष्ट्राने बघितला. पण सगळ्यांनी एकच पिक्चर बघितला का? परत येताना जीपमध्ये काका म्हणाले, "पळून गेल्यावर असंच व्हायचं." आत्या "हो तर" म्हणाली. ताई तेव्हा कॉलेजला होती. ती खिडकीतून बाहेर बघत होती, ती घर येईपर्यंत तशीच. मी बारा वर्षांचा, पण एवढं मला कळलं की काका एक पिक्चर बघून आले आणि ताई दुसराच. एका ओळीत बसून, एकाच तिकिटावर.

हॉस्टेलवर 'सैराट' बऱ्याचदा लागतो. पहिला भाग गोंधळात, दुसरा भाग कमी गोंधळात. सेकंड इयरला माझ्या लक्षात आलं की माझा पार्टनर दर वेळी शेवटची दहा मिनिटं राहिली की उठतो. कधी पाण्याची बाटली भरायला, कधी फोन आलाय म्हणून. आधी वाटलं योगायोग. एकदा विचारलं, "अरे, तू शेवट कधीच बघितला नाहीस काय?" तो म्हणाला, "माहितीये मला." नंतर कधीतरी, पीएलच्या रात्री, चहा पिताना त्याने एवढंच सांगितलं की त्याची बहीण पुण्यात असते. तिने तिच्या मनाने लग्न केलंय. घरी तिचं नाव घेत नाहीत. हा दर महिन्याला तिच्याकडे जाऊन येतो आणि घरी सांगतो की प्रोजेक्टचं काम होतं.

तेव्हापासून आमच्या खोलीत शेवटची दहा मिनिटं राहिली की मी पण उठतो. बाटल्या दोघांच्याही भरून आणतो. कुणी विचारलं तर सांगतो की शेवट पाठ झालाय.

तर सांगायचा मुद्दा असा की शेजारी कोण आहे हे बघायचं म्हणजे नुसतं कुणाला काय आवडतं एवढंच बघायचं नसतं. कुणाला काय सोसत नाही तेही बघावं लागतं. आणि ते विचारून कळत नाही, बाटली भरायला कोण उठतं त्यावरून कळतं.

एकट्याने बघायचे पिक्चर वेगळे. 'कोर्ट' एकट्याने बघा. चैतन्य ताम्हाणेचा, आपल्याकडे २०१५ ला लागलेला. त्यात कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो आणि माणसं आपापली कामं करत राहतात. ग्रुपमध्ये लावलात तर पाचव्या मिनिटाला "पुढे ढकल रे" असा आवाज येणार. एकटे असलात की हळूहळू लक्षात येतं की निवाडा करणाराही कुणीतरी साधा माणूसच असतो, सुट्टीत सहलीला जाणारा. 'फँड्री'पण एकट्याने. निदान पहिल्यांदा तरी. शेवटचा तो दगड आपल्याच अंगावर येतो आणि तेव्हा चेहरा लपवायला शेजारी कुणी नसलेलं बरं.

आजीबरोबर काय बघावं, तर 'माहेरची साडी'. १९९१ चा. अलका कुबलवर अन्याय सुरू व्हायच्या आधीच आजीचा पदर डोळ्यांना लागलेला असतो, कारण पुढे काय होणार ते तिला माहीत असतं. पूर्वी मी हसायचो. मग एकदा तिनेच सांगितलं की तेव्हा शेजारपाजारच्या अकरा बायका मिळून ट्रॉलीत बसून हा पिक्चर बघायला गेल्या होत्या आणि थिएटरात पोटभर रडून आल्या होत्या. घरी रडायची सोय नव्हती. त्यामुळे आजीबरोबर बघताना लॉजिक काढू नये. रिमोट तिच्याकडे, टिश्यू पेपरऐवजी तिचा पदर आणि आपण गप्प.

राहिली आई. हा सगळ्यात अवघड पेपर, कारण आईला कोणता पिक्चर आवडतो हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई पिक्चर बघते, पण तुकड्यातुकड्यांत. 'हम आपके हैं कौन' तिने निदान दहा वेळा बघितला असेल. चौदा गाण्यांपैकी बहुतेक तिला येतात, पण सुरुवात कशी होते ते तिला ठाऊक नाही. कारण पिक्चर लागायची वेळ आणि चपात्यांची वेळ एकच. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातात लाटणं, असे किती पिक्चर तिने बघितले असतील. मध्येच कुकरची शिट्टी होते, ती आत जाते, परत येते तेव्हा नायिका सासरी पोचलेली असते. "कधी झालं लगीन?" असं विचारते आणि आम्ही सगळे "श्शू" करतो.

या दिवाळीच्या सुट्टीत मी दुपारीच खिचडी टाकली (मेसच्या कृपेने एवढं येतं) आणि आईला म्हटलं, बस. 'इंग्लिश विंग्लिश' लावला. २०१२ चा, गौरी शिंदेचा. श्रीदेवी पंधरा वर्षांनी मुख्य भूमिकेत परत आली तो. शशी गोडबोले नावाची पुण्याची बाई, लाडू करून विकते, इंग्रजी येत नाही म्हणून घरचेच हसतात. पहिली दहा मिनिटं आई अवघडून बसली होती, उठायच्या तयारीत. दोनदा उठलीही, कशासाठी ते तिलाच आठवेना, परत बसली. ती मुलगी शाळेत आईची लाज वाटून घेते तो सीन आला तेव्हा मी आईकडे बघितलं नाही. शेवटी शशी लग्नात उभी राहून इंग्रजीत बोलते. आई हात मांडीवर ठेवून अगदी ताठ बसली होती, जणू तिचंच नाव पुकारणार आहेत.

पिक्चर संपला. नावं वर सरकत होती, तीही तिने सगळी बघितली, कळत नसताना. मी वाट बघत होतो काय म्हणते याची. म्हणाली, "लाडू जरा मोठेच वळलेत तिनं." मग थोड्या वेळाने, "पाकातले असतील का रे बिनपाकातले?"

म्हटलं, ते दाखवलं नाही.

ती उठली, भांडी पडलीत म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, मी घासतो. माझ्याकडे एकदा नीट बघितलं तिने, आणि परत बसली.

"मग लाव अजून एक."